हॅटीचा होकार

लंडन, १ ऑक्टोबर १९७३

ती. थिओडोरा आत्यास, ब्रेंडाचा सा. न. वि. वि.

आमच्या विनोदी मालिकेचे दोन भाग तू शेजारच्या हॅटीकडे बसून पाहिलेस, आणि हसताना तिच्या हातची बशी फुटली, हे वाचून मी धन्य झाले. ११ तारखेला चौथा भाग. तू नाताळात सांगितलेलाच किस्सा! बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या आठ बाया चहा पिताना ठराव करतात की सरकारी टपालपेटीत काकवी ओतून पत्रं नासवायची, कारण शाई ओतली तर हातमोजे खराब होतात. ओतायला कोणी जायचं याची चिठ्ठी निघते ती नेमकी शेजारणीचं प्रेमपत्र त्याच पेटीत टाकून आलेल्या बाईच्या नावाची. तालमीत दिवेवालेसुद्धा हसून लोळत होते. अगं, एवढा किस्सा इतकी वर्षं दडवलास कसा?

तुझी माया अशीच राहू दे.
ब्रेंडा

ऑल्डस्टो, ३ ऑक्टोबर

चि. ब्रेंडास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. अगं बये, ते पत्र हॅटीचं होतं! नाताळात दोन घोट जास्त झाले आणि जीभ सैल सुटली, पण पुढचं मी तुला सांगितलं नाही. हॅटीची आई तापानं फणफणली होती, म्हणून हॅटीनं पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. तिला मागणी घातलेला वॉल्टर कॅनडाला निघाला होता आणि पत्रात तिचा होकार होता. मी ते बाजारातल्या पेटीत टाकून सभेला गेले, आणि काकवी ओतून झाल्यावर मला आठवलं. हॅटीनं विचारलं तेव्हा म्हणाले, स्टेशनच्या पेटीत टाकलं. तुरुंगाची भीती होती, तिची त्याहून जास्त.

एकसष्ट वर्षं ती समजते की वॉल्टरनं होकार वाचला आणि तोंड फिरवून जहाजात बसला. तिनं लग्न केलं नाही. आता तिच्याच खोलीत, तिच्याच शेजारी बसून मी हे पाहू? तो भाग काढून टाक. ही म्हातारी कधी कुणाच्या पाया पडली नाही, आज तुझ्या पडते.

या गरीब आत्याला विसरू नकोस.
थिओडोरा

लंडन, ५ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, ती शेजारीण हॅटी असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मालिकेच्या निर्मातेसाहेबांकडे दोनदा गेले, रडलेसुद्धा. चित्रीकरण झालंय, ते म्हणतात आता काही होणार नाही. मालिकेनं सांगण्याआधी तू सांग. दुसरा उपाय मला दिसत नाही. मला झोप नाही.

रागावलीस तरी मला तोडू नकोस.
ब्रेंडा

ऑल्डस्टो, १९ ऑक्टोबर

चि. ब्रेंडास अनेक आशीर्वाद.

सांगायला तीनदा गेले आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. अशी मी शूर! म्हणे मतासाठी लढले.

११ तारखेला, गुरुवारी, हॅटीनं नेहमीसारखा चहा केला. चहाच्या ठरावाला ती खूप हसली. पत्र पेटीत पडलं तसा तिनं कप खाली ठेवला. पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "डोरा, तू कुठल्या पेटीत टाकलं होतंस?"

मी म्हणाले, "बाजारातल्या."

ती उठली, टीव्ही बंद केला आणि माझा कोट माझ्या हातात दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग आठवडाभर दार बंद. रविवारी चर्चमध्येही माझ्यापासून वेगळ्या बाकावर बसली. दुकानात कुणी तिचं नाव काढलं की मी पिशवी उचलून बाहेर पडे. एक्याऐंशीव्या वर्षी मला दुसरं आहे कोण?

काल आठ वाजता भिंतीपलीकडून तुझ्या मालिकेची धून आली. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि माझ्याकडे टीव्ही नाही हे तिला ठाऊक आहे. आवाज इतका मोठा की माझ्या कपाटातले कप थरथरत होते. मला डिवचतेय की बोलावतेय, काही कळेना. मी खुर्ची भिंतीला लावली आणि शेवटपर्यंत ऐकलं. लोक हसत होते. तिचं हसू मात्र एकदाही आलं नाही. पण तिनं आवाज कमी केला नाही.

पुढच्या गुरुवारी दार वाजवून पाहीन. तोवर माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
थिओडोरा