दोन शिरगणत्यांच्या मधली

मॉरिसव्हिल,
नोव्हेंबर २००७

प्रिय शरयूवन्सं,

चष्मा शोधत असाल तर आधी कपाळावर बघा. दिवाळीला डब्यावर ‘मेतकूट’ लिहिलंत आणि आत भरलीत भाजणी. रवींद्रनं लेबल वाचून ती गरम भातावर घेतली, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, आत्याचा हात आता बदलला. मला अक्षर येत नाही, म्हणून मी आधी वास घेतला आणि थालीपिठं लावली. शिकलेल्यांचं असंच होतं. आणि सख्ख्या भावाची तिथी तुम्ही मला विचारता. कार्तिक वद्य पंचमी. कॅलेंडरवर खूण करा आणि कॅलेंडर कुठे टांगलंय तेही लक्षात ठेवा.

पत्र नीलांबरी लिहून घेते आहे. तिला बजावलंय, मी बोलेन तसंच लिही, सुनेनं सासूला सुधारायला जाऊ नये.

इथली बातमी म्हणजे रवींद्रच्या ऋषीच्या बायकोला सातवा लागला. आणि तिची आई, कॅरल, आठवते ना? लग्नात माझ्यासारखंच नऊवारी पाहिजे म्हणून हटून बसलेली. नोकरीतून मोकळी झाल्यापासून तिला पूर्वज शोधायचा नाद लागलाय. तिचे लोक इंग्लंडातून आलेले. दर गुरुवारी ती कागदांची पिशवी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येते, नीलांबरीचा चहा पिते आणि टेबलावर कॉम्प्युटर उघडते. मी शेंगा सोलत शेजारी बसते. नीलांबरी दोघींची दुभाषी.

ते काम आपल्या तांदूळ निवडण्यासारखं आहे. आधी नुसती सूची दिसते. नाव, साल, कुठल्या गावचं चर्च, एवढंच. एकाच नावाचे चाळीस जण निघतात, त्यातला आपला कोणता ते वेचायचं. मग खऱ्या पानाची फिल्म मागवायची, महिनाभर थांबायचं आणि मशीनवर डोळे फोडायचे. शिरगणतीची सूची वेगळी, चर्चच्या वहीची वेगळी. मी म्हटलं, कशाला एवढा खटाटोप, आमच्या त्र्यंबकेश्वरी उपाध्ये चोपडी उघडून सात पिढ्या वाचून दाखवतात. तिनं विचारलं, त्यात बायका असतात का? मी शेंगा सोलत राहिले.

तिच्या वहीत बायका आहेत. एका पणजीच्या आईनं लग्नाच्या पानावर सहीच्या जागी फुली मारलेली. कॅरल जरा ओशाळून म्हणाली, बिचारीला लिहिता येत नसावं. मी माझा अंगठा तिच्या नाकासमोर धरला. ती एवढी हसली की चहा सांडला. तेव्हापासून ती बाई माझ्या ओळखीची झाली. मी तिला फुलीवाली म्हणते.

पण दोन गुरुवारांपूर्वी कॅरल आली ती रडून डोळे लाल झालेली. फुलीवालीला सहा मुलं, असं शिरगणतीवरून तिनं धरलं होतं. पण शिरगणती दहा वर्षांनी एकदा होते. मधल्या काळात जन्मून मधेच गेलेलं मूल त्या कागदाला दिसतच नाही. ते सापडलं चर्चच्या पुरण्याच्या वहीत. हॅना, वय सहा दिवस. मी चेष्टा केली, म्हटलं, दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीसाठी आज रडतेस, तुझं सुतक केव्हा फिटायचं? आणि सहा दिवसांच्या जिवाला नाव कसं, आमच्यात बाराव्या दिवसाआधी ठेवत नाहीत. तिनं सांगितलं, मूल अशक्त असलं तर पाद्री घरी येऊन डोक्यावर पाणी घालायचा आणि लगेच नाव द्यायचा. थांबायचे नाहीत. तिनं हॅनाला वंशाच्या झाडावर तिच्या आईखाली लिहिलं. सहाची सात झाली.

मग तिनं कोरा कागद घेतला. येणाऱ्या बाळासाठी आमच्याही बाजूचं झाड काढू म्हणाली. तुम्हाला मुलं किती? मी म्हटलं, दोन. नीलांबरीनं दोन सांगितलं, कॅरलनं दोन लिहिलं. त्या दिवशी आमटीत मी मीठ दोनदा घातलं.

वन्सं, मला माहेर उरलं नव्हतं म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, तुमच्या घरी झालं. मुलगी झाली. मी सतरा वर्षांची आणि तुम्ही बारा, तरी तुम्हाला मी अहोजाहो करायचे. आत्या तुम्ही एकट्याच. नाव ठेवायचा मान तुमचा, आणि त्या मानानं दहा दिवस तुम्ही घरभर नाक वर करून हिंडलात. मी बाजेवरून तुम्हाला चिंचेच्या गोळ्यांची लाच दाखवली, तरी फुटला नाहीत. बाराव्या दिवशी आधी तिच्या कानात सांगणार, मग तुम्हाला, म्हणालात. दहाव्या दिवशी दुपारी ती गेली. पाळणा माळ्यावर गेला. सासूबाई म्हणाल्या, नाव ठेवलं नव्हतं तेच बरं, जीव गुंतत नाही. त्यांचीही दोन गेली होती. तुम्ही आठ दिवस माझ्या खोलीकडे फिरकला नाहीत. मग कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

नीलांबरीचा हात थांबलाय. रवींद्रलाही हे ठाऊक नाही. तिला म्हटलं, लिही, तुझ्या थोरल्या वन्सं आहेत त्या. तिनंच हिशेब करून सांगितलं, चव्वेचाळीस साल. म्हणजे आपलीही दोन शिरगणत्यांच्या मधलीच.

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून विचारायचं नाही. तुमच्या विसरण्याची मी थट्टा करते, पण भाजणीचा डबा उघडला त्या दिवसापासून मला भीती वाटते आहे. ते नाव तुमच्या डोक्याबाहेर कुठेच नाही. काय ठरवलं होतंत, वन्सं? ते मला येणाऱ्या बाळाला द्यायचं नाही, ते तिचं आहे. कॅरलच्या कागदावर माझ्याखाली लिहून घेईन आणि दोनाचे तीन करीन. आठवत नसेल तर खरं तेच लिहा आणि नवं ठेवा. मान अजून तुमचाच आहे.

आमचा धाकटा, सुशांत, जानेवारीत पुण्याहून येतोय. मेतकूट राहू द्या. तिच्या बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे इथे मिळतात, ते मी भिजत घालीन. सुंठवडा मात्र तुमच्या हातचा त्याच्याबरोबर पाठवा, खोबरं खमंग भाजून, आणि नावाची चिठ्ठी त्याच डब्यात वरती ठेवा. डब्यावर काहीही लिहा, मी वास घेऊन ओळखीन.

तुमचीच, हा अंगठा उठवणारी,
वहिनी