वीस किलोचा तंगूस

कोपरटोला, ता. मुलचेरा
२ जून

आदरणीय धम्मदीपभाऊले पुनमचा सप्रेम जय भीम वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको, घरी सारे खुशाल हायेत. माहा फोन आजकाल झाडावर राह्यते, म्हणून लिहून राह्यली.

हासू नको. मी गावची आशा. गरोदर बायांची माहिती रोज फोनवरून पाठवा लागते, अन् गावात रेंज नाई. रेंज भेटते ते बेहड्याच्या शेंड्याले, ऐंशी फुटांवर. मासे मारणारा आपला पत्रू गुलेलीनं शिशाची गोळी शेंड्यापलीकडे मारते. गोळीले तंगूस, तोच गळाचा नायलॉन दोरा, बांधला असते. मंग एका टोकाले फोनचा डबा बांधाचा अन् दुसरं टोक ओढाचं. डबा वर गेला का माहिती आपोआप जाते. पण बाजारातला तंगूस कच्चा निघाला. डबा फांदीत अडकला, पत्रूनं झटका देल्ला, अन् फोन धपकन शेणात! शेण होतं म्हणून वाचला.

चंद्रपुरातून चांगला वीस किलोचा तंगूस पाठव. आमचा टावर मंजूर झाला हाये, तो उभा होईस्तोवर असंच चालन. मागच्या पावसात गावातल्या इसरूच्या बायकोच्या बाळंतपणाले दवाखान्याची गाडी बोलवाले फोनच लागला नाई. खाटेवर नेलं, पोर वाटेतच गेलं. झाडावरून माहिती जाते भाऊ, पण बोलता येत नाई. टावर आला का मले झोप लागन.

वहिनीले जय भीम. तुहा लोभ तंगसाहून पक्का असू दे.

तुही,
पुनम

चंद्रपूर
११ जून

चि. पुनमले अनेक आशीर्वाद अन् जय भीम.

तुह्या वीस किलोनं भर दुकानात माही फजिती केली. दुकानदारानं इचारलं, किती किलोचा पाह्यजे. मी म्हटलं, बहीण वीस किलो म्हणते, पण एवढा काय करते ते, पावशेर द्या. सारे गिऱ्हाईक हासले. मंग त्यानं समजावलं का वीस किलो म्हणजे तुटाच्या आधी तंगूस पेलते ते वजन. मी म्हटलं, फोन तं पावशेरही नाई. तो म्हणे, फोनचं वजन पाहू नका, फांदीचा झटका पाहा. जाड घेतला तं गोळी वर जाणार नाई, बारीक घेतला तं तुटन. रोज नखानं चाचपून पाह्यजो, खरखर लागन तेवढा कापून टाकजो. पिवळा पाठवून राह्यलो, पानात दिसन.

तुही वहिनी म्हणते, आपल्या घराण्यात एवढ्या उंचीवर पहिल्यांदाच कोणी गेलं, अन् तो फोन निघाला. जावईबापूले जय भीम. खुशाली कळवत राहा.

तुहा,
भाऊ

कोपरटोला
२० जुलै

आदरणीय भाऊले जय भीम.

तुहा तंगूस पक्का निघाला अन् त्यानंच माहा घात केला. माहिती इतकी वेळेवर गेली का तालुक्यात माहा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र भेटलं. त्याच टपालात दुसरा कागद होता: सदर गावातून रोज माहिती प्राप्त होते, सबब गावात नेटवर्क उपलब्ध आहे, सबब टावर रद्द.

मी खूप रडली. गावाचा टावर मीच वर ओढून खाली पाडला. लटारूभाऊच्या सुनेले, रीनाले, आठवा लागला हाये. तिची सासू गुणाबाई रोज बेहड्याखाली येऊन वर पाह्यते, तेच मले लागते. मी अर्ज केला. पाहणीले साहेब येतीन म्हणतात. काय करू, लवकर लिही.

तुही,
पुनम

चंद्रपूर
२८ जुलै

चि. पुनमले आशीर्वाद.

रडू नको, बावळे. घात तुह्या तंगसाचा नाई, त्या 'सबब'चा हाये. साहेब येतीन त्या दिवशी जुना कच्चा तंगूस लाव अन् त्याहीच्या समोर डबा पाड. मंग समजन त्याहीले.

भाऊ

कोपरटोला
२६ ऑगस्ट

आदरणीय भाऊले सप्रेम जय भीम वि. वि.

तुही अक्कल वापराची गरजच पडली नाई.

साहेब आले, गावाचा फोटो काढला, पण तो जाईना. मी म्हटलं, डब्यात ठेवा. पत्रूनं त्याहीचा फोन वर नेला, फोटो गेला. साहेब खूश होऊन म्हणाले का पाहा, नेटवर्क आहे. तेवढ्यात वरती फोन वाजला. सुरावरूनच साहेबांनी ओळखलं का मोठ्या साहेबांचा हाये. पत्रूले घाई केली, तं तो म्हणे, झटका देल्ला तं अडकन, सावकाशच उतरवा लागन. उतरला तं रेंज गेली. पुन्हा वर नेला तं पुन्हा वाजला. असं चारदा झालं. शेवटी तं साहेब मान वर करून झाडालेच हो सर, हो सर म्हणू लागले. सारं गाव हासलं. मले हासू आलं नाई. मी म्हटलं, तुमचे साहेब उद्या पुन्हा फोन करतीन, पण इसरूचं पोर पुन्हा येत नाई.

 साहेबांनी तिथीच बसून अहवाल लिहिला: नेटवर्क आहे, पण माणसांच्या उंचीवर नाही, टावर तातडीने द्यावा. मंग त्याचा फोटो काढून फोन पुन्हा डब्यात ठेवाले निघाले! मी डब्याचं झाकण धरून ठेवलं. म्हटलं, इथून गेला तं सबब नेटवर्क आहे. हा कागद तुमच्या हातानंच जाऊ द्या.

रीनाचे दिवस भरत आले होते अन् गाडी जातच होती, तं मागच्या सीटवर तिले अन् गुणाबाईले बसवून देल्लं. साहेब म्हणाले, ही सरकारी गाडी आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

रीनाले मुलगी झाली. दोघी खुशाल हायेत. साहेबानं आपला कागद द्याच्या आधी रीनाले अहेरीच्या दवाखान्यात पोहचवलं.

मुलीचं नाव ठेवाले तू अन् वहिनी याच. माया आहे तशीच राहू दे.

तुही,
पुनम