मागच्या साईटचा स्क्रू

गुरुवार, संध्याकाळ. बजाजनगर.

डोकं फिरलंय नुसतं. रविवारी निवड चाचणी, आणि माझ्या एअर पिस्तुलाच्या गोळ्या आठवडाभर खालीच लागत होत्या. मी रोज नेम धरायच्या मागच्या साईटचा स्क्रू थोडा थोडा फिरवून ती वर घेत गेले. नेमबाजीचे सर म्हणाले होते, "स्क्रूला हात लावू नको, आधी स्वतःचा हात बघ." पण ऐकेल ती मी कसली!

आज सगळ्या गोळ्या वर. एकजात! पिस्तूल तेच, मीही तीच.

सरांनी विचारलं, "आज सकाळी काय वेगळं केलंस?"

"काही नाय सर. आज टँकरच आला नाय."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. रोज टँकरवरून तीन मजले हंडे चढवायचे अन् तशीच रेंजवर पळायचं. दमलेला हात खाली जात होता, आणि मी स्क्रू पिळत बसले! लई शहाणी.

घरी येऊन स्क्रू होता तिथं आणला. आईला म्हटलं, "रविवारी पाणी तू एकटीच भर."

"भरीन की," म्हणाली आणि चहा पुढं केला. आज हंडे नव्हते, तरी तिच्या हातात कप बशीवर वाजत होता. रोजच वाजत असणार.