चिखलाचं गाणं मीच म्हणणार

६ जाने., मंगळवार
घेतलं मला नाटकात. बावन्नाव्या वर्षी, तेही गाण्याच्या. इरा बाई ते शाळेच्या हॉलमध्ये बसवतायत. मी शाळेच्या बसची मावशी, तालीम संपेपर्यंत पोरांसाठी थांबते. आज पोरं ऐकेनात म्हणून एकदाच ओरडले, बसा खाली! सगळी बसली. इरा बाईसुद्धा. मग म्हणाल्या, "माझा चिखल मिळाला."
नाटकात खेकडीचं लग्न विमानाशी, आणि खाडीतला चिखल ते लावतो. सगळं गाऊनच बोलायचं, शिंकसुद्धा सुरात. डोकं फिरलंय बाईंचं. सांगितलं, मला गाता येत नाही. म्हणे, चिखलाला कुठे येतं?

९ जाने.
आईला सांगायला नको होतं. ती सारसोळ्याची धवलारीण, गावातली निम्मी लग्नं तिने धवले गाऊन लावली. आणि पोटची पोर भसाडी. दहा वर्षांची असताना एका हळदीत मीपण सुरू केलं, तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई म्हणाली, "तू नुस्ती ताट धर." तेव्हापासून धरतेय. हळदीचं, अक्षतांचं. कोणाचंही लग्न असो, ताट माझ्या हातात.
आज म्हणते, गाव हसंल. हसू दे की.

१४ जाने.
तिळगूळ वाटला, तालीम झाली. संगीत बघणारे केदार सर माझ्या पहिल्या ओळीलाच पेटी वाजवायचे थांबले. नंतर बाजूला घेऊन गोड बोलले. मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा, एक मॅडम फार छान गातात, त्यांचा आवाज ट्रॅकवर टाकू.
म्हणजे परत ताटच.
बसमध्ये मागच्या सीटवर रडले थोडी. मग असा राग आला की नेरूळ संपेपर्यंत प्रत्येक स्टॉपला दार आपटत राहिले.

१५ जाने.
इरा बाईंना सांगून टाकलं. ओठच हलवायचे तर बाहुली आणा, मी चालले. बाईंनी सरांकडे बघितलं, सरांनी लॅपटॉपकडे. ठरलं : वाजवणं ट्रॅकवर, आवाज माझा. पण हळू गा, म्हणाले.
हळू. मला!

२१ जाने.
सराव बसमध्येच करते. तुर्भ्याला ट्रकांच्या हॉर्नवर आवाज चढवला, ड्रायव्हर मामांनी आपली काच वर केली. खेकडी होणारी रिया, सात वर्षांची, म्हणते, मावशी तू चुकतेस, पण मोठ्याने चुकतेस, मला माझी ओळ बरोबर सापडते. हिच्याएवढी अक्कल केदार सरांना असती तर...

२५ जाने., रविवार. प्रयोग.
लिहून ठेवते.
आई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी, तोंड घट्ट. मी तपकिरी घोंगडं पांघरून उभी. ऐन लग्नात स्पीकर गेला. खरखर, मग काहीच नाही. सर वायरींत घुसले. पोरं गायची थांबली, रियाची हनुवटी हलायला लागली. मी तर चालच विसरले.
पण आईचा नियम डोक्यात पक्का : लग्न लागताना धवला मध्येच तुटता कामा नये. उचलला मग तिच्याच चालीवर. शब्द अर्धे बाईंचे, अर्धे माझे. खेकडी बसली पाटावरी, हळद लावा गो. एक ओळ मी, तीच मागून पोरं.
सवयीने घोळ केलाच. धवल्यात नवरीच्या बापाचं नाव घ्यावं लागतं, आणि बाईंनी खेकडीला बाप लिहिलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं, सारसोळ्याच्या हिराजीची लेक! आमचे दादा, माझे वडील. जाऊन सहा वर्षं झाली. लोक खदाखदा हसले. हसा, म्हटलं मनात, मी थांबत नाही.
तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणीतरी ओळ झेलली. आई होती. जन्मात पहिल्यांदा आई माझ्या मागून गात होती. विमानाला हार पडेपर्यंत गाणं सोडलं नाही.

२६ जाने.
नाटकाच्या ग्रुपवर केदार सरांचा मेसेज. पुढच्या प्रयोगाला जादा स्पीकर, आणि मावशींचा आवाज आधीच रेकॉर्ड करून ट्रॅकवर घेऊ. मी लिहिलं, जादा स्पीकर कशाला, मी आहे ना.

२८ जाने.
आज आई कोळंबी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सूर नाय तुज्याकं. पन मदी सोडलास नाय."
बस, एवढंच. सोललेली कोळंबी धुतली, मग पुढचं. फेब्रुवारीत चुलतभावाच्या पोरीची हळद आहे. आईला दोन ओळींत दम लागतो हल्ली, ते सगळ्या घराला माहीत, बोलत कोणी नाही. म्हणाली, "त्या दिवशी ताट दुसऱ्या कोनाला दे."
मी कोळंबीची सालं गोळा केली. चिखल होऊन गाणं वेगळं, आणि गावासमोर आईच्या जागी बसून धवले म्हणणं... त्या हसणाऱ्या बायका अजून आहेत.
संध्याकाळी वहिनीला फोन केला, हळदीत ताट धरशील का. धरेन की, म्हणाली, मग तू काय करणार? बघू, म्हटलं, आणि फोन ठेवला.