माटोळीची गाठ

मांद्रे,
विसर्जनानंतरचा चौथा दिवस

तीर्थरूप कमलाक्षीअक्का हिस धाकट्या भावाचा नमस्कार. कमरेतून वाकता येत नाही, म्हणून नुसत्या मानेनेच केलेला. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की माझ्यासारखी बाटली नुसती उशाशी ठेवतेस?

आमची चवथ झाली, म्हणजे झाली असंच म्हणायचं. आपला सगुणदादा गेल्यानंतरची पहिलीच, त्यामुळे घर आधीच उदास. त्यात आमचे चिरंजीव सिद्धेश (वय एकतीस, पणजीत कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेणारे) माटोळी बांधायला उभे राहिले. गणपतीच्या डोक्यावर फळांनी लगडलेली चौकट टांगायची, तर हा कुंभ्याच्या झाडाच्या सालीचा ओला दोर हातात धरून मोबाइलमध्ये गाठ शोधतोय! त्यातला गोरा माणूस होडी बांधत होता. (देवाच्या डोक्यावर तवशी आणि निरफणस लटकतात, होडी नव्हे, हे मी सांगितलं, ऐकतो कोण.) रानफळांची नावंसुद्धा त्याने फोटो काढून मोबाइललाच विचारली, आणि मोबाइलने कवंडळाला भोपळा ठरवलं. शेवटी अर्धी चौकट मी सालीने बांधली आणि अर्धी त्याने, ऑफिसात वायरी आवळतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी. मी दिवसभर बोललो. या पिढीचे हात काच घासण्यापुरतेच उरलेत, दादाचं सगळं दादाबरोबर गेलं, असं बरंच काही, जेवतानासुद्धा.

संध्याकाळी आरती संपून सगळे प्रदक्षिणा घालत असताना नारळांची पेंड, अख्ख्या घडासकट, सुटली आणि मूर्तीपासून वीतभर अंतरावर आदळली. समई आडवी झाली. मी मागे उडी मारली, तेव्हाच कंबर गेली. मूर्ती वाचली, पण सिद्धेशची आई डोळे पुसत बसली, आणि सगुणच्या माघारी त्या घरची माटोळी पडली, असा गावभर बोभाटा झाला. मी पाहुण्यांदेखत मोबाइलला दोष देऊन मोकळा झालो. फार वाईट वाटतंय, अक्का. बाबांपासून चालत आलेलं काहीतरी आपल्या घरातून संपलं, असं वाटतंय.

भाओजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
बाबली

ता. क. पडली ती सालीची बाजू. प्लास्टिकच्या पट्ट्या विसर्जनापर्यंत हलल्या नाहीत, कात्रीने कापाव्या लागल्या.

आणखी एक. ती गाठ मला कधीच आली नाही. इतकी वर्षं मी नुसती साल गुंडाळायचो, आणि मी चहाला गेलो की दादा ती सोडून गुपचूप पुन्हा बांधायचा. लग्नाआधी तू बाबांची शिडी धरायचीस. मुलगी म्हणून तुला वर चढू दिलं नाही, पण बघून बघून तू शिकलीस, हे मला ठाऊक आहे.

पणजीला परत जाताना सिद्धेशने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "बाबा, तुमचें खरें. माका ती गांठ शिकयात." पुढच्या रविवारी येतोय, साल घेऊन. कमरेचं कारण सांगून पाहिलं, तर म्हणतो, गाठीला हात पुरतात. फोनवर हे बोललो असतो, पण या घरात सगळ्यांना ऐकू जातं. तू शनिवारीच ये, सकाळच्या बसने. आधी मला शिकव.