काळ्या काचेआडच्या बायका

मी, वेलिले मापासा, वय एकाहत्तर, राहणार एमाझेनी, पूर्व केप, दक्षिण आफ्रिका, धंदा फोटोग्राफी, लिहून ठेवतो की डॉक्टरांच्या मते माझे हृदय भरवशाचे उरलेले नाही, डोके मात्र शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करतो. खुशी फारशी नाही, पण जबरदस्तीही कोणाची नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात फुशारकी फार होती.

कलम एक. टेकडीवरचे घर, पाण्याच्या टाकीसह, थोरली बहीण नोकवाखा हिला द्यावे. माझ्या आजारपणाचा आणि रागाचा सगळा भार तिने वाहिला. चुलतभाऊ लुबाबालो याने त्यावर हक्क सांगू नये. माझा ट्रायपॉड त्याने बकऱ्यांच्या गोठ्याला टेकू म्हणून लावला आहे. तेवढा वाटा त्याला पुरे.

कलम दोन. फिल्टरांची चामडी पेटी माझी शिष्या फाथिस्वा हिला. ती पोटासाठी लग्नांचे फोटो काढते, पण लक्ष तिचे डोंगराकडे. पोरी, समुद्राची रेघ सरळ असेल तर हार्ड ग्रॅड, म्हणजे वर काळी नि खाली एकदम साफ अशी काच घे, वरचे आभाळ तेवढे गडद होईल. मध्ये कडा किंवा झाड घुसले असेल तर काळोखी हळूहळू विरणारी सॉफ्ट ग्रॅड, नाहीतर कड्याचे डोके काजळी फासल्यासारखे दिसेल. सूर्य पाण्याला टेकला की मधोमध सर्वांत गडद असलेली रिव्हर्स ग्रॅड, कारण तेव्हा उजेड वर नसतो, रेघेवर असतो. स्वस्तातली काच घेऊ नकोस. चित्रावर जांभळी झाक येते आणि गिऱ्हाईक म्हणते, माझी बायको आजारी दिसते.

कलम तीन. दहा स्टॉपची काळी एनडी काच त्या पेटीत नाही. ती कोणाला द्यावी हे सांगण्याआधी तिने काय केले ते लिहिणे भाग आहे. तिने केले म्हणणे ही पळवाट झाली. मी केले.

ही काच इतका उजेड अडवते की कॅमेरा कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागतो. लाटांचा धूर होतो, आणि जे स्थिर नाही ते चित्रात उरत नाही. ओहोटीला आमच्या बायका खडकांवर वाकून शिंपले काढतात आणि सारख्या हलतात. माझ्या सगळ्यांत गाजलेल्या चित्रात त्या सगळ्या होत्या. दिसत एकही नाही. मी त्याला 'निर्मनुष्य किनारा' असे नाव दिले आणि बक्षीस घ्यायला नवा सूट शिवला.

ते चित्र एका हॉटेल कंपनीने विकत घेतले. आता तिला खडकांभोवती कुंपण घालायचे आहे. त्यावरच्या गेल्या महिन्यातल्या सुनावणीत तिच्या वकिलाने तेच चित्र भिंतीवर दाखवले. म्हणाला, "बघा, इथे कोणी येतच नाही."

नोकवाखा माझ्याकडे वळली. "बुटी, भावा, मी कुठे आहे रे यात? त्या दिवशी तर पाय सांभाळ म्हणून तुझ्यावर ओरडले होते मी."

मी चहाच्या कपात बघत बसलो. लाज वाटली, आणि वाटूनही उठलो नाही. माझे नाव जाईल ही भीती त्यांच्या ताटातल्या घासापेक्षा मोठी ठरली. हे लिहितानाही माझे कान तापले आहेत.

कलम चार. काळी काच लावल्यावर कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. म्हणून आधी काच न लावता चौकट जुळवायची, एक साधा फोटो काढून बघायचा, मग काच. बाकीचे फोटोवाले तो साधा फोटो पुसून टाकतात. मी आळशी, सगळे ठेवले. त्यांत बायका आहेत, चेहऱ्यांवर उन्हासाठी फासलेली पांढरी माती, हातात बादल्या, आणि प्रत्येक फोटोवर तारीख. हे सर्व फोटो माझ्या मृत्यूनंतर नोकवाखा आणि तिच्यासोबत शिंपले काढणाऱ्या मामझिझी व माबेले यांना द्यावेत.

हे कलम रद्द. नोकवाखाने लापशी ढवळता ढवळता मसुदा वाचला.

"तुझ्या मृत्यूनंतर?"

"हो, सिसी."

"पुढची सुनावणी सोमवारी आहे. रविवारपर्यंत मरणार आहेस का?"

"तसा बेत नाही."

"मग लाज वाटते तर जिवंतपणी वाटू दे. का तू मेल्यावर तुझ्या वाटची लाज आम्ही बाळगायची?"

फोटो मी तिथेच तिच्या हवाली केले. सोमवारी उभा राहून सांगणार आहे की किनारा रिकामा नव्हता, मी तो रिकामा केला. त्याआधी छाती बंद पडली तर कलम तीन हीच माझी साक्ष समजावी.

कलम पाच. काळी काचही फाथिस्वालाच. काच चांगली आहे. लावण्याआधी चौकटीत कोण आहे ते बघ, आणि त्यांना विचार.

मामझिझी व माबेले यांना या मृत्युपत्रातून आता काहीच मिळत नसल्याने साक्षीदार म्हणून त्या चालतात. दोघी ओहोटीवरून थेट आल्या. कागदावर खारे पाणी सांडले आहे, ती खाडाखोड समजू नये. सही करण्याआधी माबेलेने फोटो मागितला आणि विचारले, "यात मी कुठली?" मी बोट ठेवून दाखवले. तिने बराच वेळ बघितले, मग सही केली.

लिहून देणार: वेलिले मापासा

साक्षीदार:
१. नोफेझिले खुमा, घरच्या नावाने मामझिझी
२. थोझामा गकोबो, घरच्या नावाने माबेले

स्थळ: एमाझेनी
दिनांक: ९ मे २०२४