तोलासुराचा आवाज

जुन्नर,
संवत्सरीनंतरचा सोमवार

प्रिय पारसदादा,

संवत्सरीला तू फॅमिली ग्रुपवर टाकलेलं 'मिच्छामि दुक्कडम्' ऐकलं. कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो, मागे बासरी, आणि एका दमात सगळ्या खानदानाला. आवाज छान लागला होता, तुझा धंदाच आहे तो. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं असतं तर निळ्या खुणा करून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहिते आहे. माफीबद्दलच लिहायचं आहे, आणि तू आवाज दिलेल्या त्या तोलासुराबद्दल.

तुझी ती कार्टून मालिका आम्ही पहिल्या भागापासून बघितली. सिद्धी शाळेतून आली की दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायची आणि आई पप्पांची व्हीलचेअर ओढून शेजारी आणायची. पहिल्यांदा तो राक्षस हातात माणसं तोलायचा तराजू घेऊन आला आणि बोलला, तेव्हा सरूबाई घासती भांडी टाकून ओल्या हातांनी बाहेर आली. "फतेचंद शेट बोलाया लागलं का काय?" म्हणाली. आईनं डोक्यावर पदर ओढून घेतला होता. लकवा झाल्यापासून पप्पांच्या तोंडून 'ऊं'च्या पुढे काही निघालेलं नाही, आणि इथे घरभर त्यांचा आवाज. तोच हळू, गोड, समोरच्याला जवळ बोलावणारा. "बाळ, बाजारात तुझं वजन काय?" तू नाटकात काम करणार म्हणालास, तेव्हा भर दुकानात मढ गावच्या गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तुला हेच विचारलं होतं. आता पेठेतली पोरं एकमेकांना तेच विचारत फिरतात.

शाळेच्या ग्रुपवर आयांनी ओरड केली, की मुलांच्या मालिकेत एवढा अंधार कशाला, मुलं घाबरतात. मी लिहिलं, घाबरू द्या. दात विचकणाऱ्या, डरकाळ्या फोडणाऱ्या राक्षसाला घाबरून त्यांचा काय फायदा? तसा माणूस त्यांना जन्मात भेटायचा नाही. तोलासुरासारखा आवाज न चढवता, गालाला हात लावून समोरच्याचा दगड करणारा मात्र भेटेल, आणि बहुतेक घरातच भेटेल. तेवढ्यापुरती मी तुझी बाजू घेतली. त्या दिवसापासून दोघी-तिघी माझ्याशी बोलत नाहीत.

पण मग तुम्ही तो शेवट केलात. तोलासुराला लहानपण दिलंत. त्याचा बाप म्हणे त्याला उपाशी ठेवून रोज तराजूत घालायचा. मग तो रडला, नायकानं त्याला मिठी मारली आणि तो उजेड होऊन आभाळात विरून गेला. वर तू मला फोनवर शिकवलंस, खुशी, वाईट माणूस नसतोच, जखमी माणूस असतो. दादा, पप्पांना कोणती जखम होती रे? आजोबा तर पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय त्यांना दुकानातून जाऊ देत नसत. मी आळे गावचं सासर सोडून सिद्धीला कडेवर घेऊन आले, तेव्हा पप्पा उंबऱ्यात उभे राहून शांतपणे म्हणाले, परत आलेल्या मालाला पेठेत भाव नसतो. तेव्हा त्यांचं कुठेही दुखत नव्हतं. नुकतंच जेवण झालं होतं, हातात बडीशेप होती. काही माणसांना दुसरा कमी भरलेला बघायला आवडतो, एवढंच कारण असतं, आणि ते तुमच्या लेखकांना पुरलं नाही. आज तोच परत आलेला माल त्यांचं दुकान चालवतो आणि त्यांना पेज भरवतो. कधी कधी मी चमचा ओठांजवळ नेऊन थांबते. त्यांना वाट बघायला लावते. त्याची मला लाज वाटत नाही.

माणसं तराजूत घालायची कल्पना कुणाची, असं कुणी विचारलं तर तू काय सांगतोस? पोत्यांच्या काट्यावर पप्पांनी आईला उभं केलं होतं, हमालांसमोर. "बघा, साखरेच्या पोत्यापेक्षा कमी भरते, जेवते मात्र दोन पोत्यांचं," म्हणाले होते. हमाल खाली बघत राहिले. पप्पाही हसले नाहीत, ते कधीच हसत नसत. हसलास तू. पोरवय होतं, बापाच्या मर्जीत राहायची धडपड असेल, सगळं कबूल. पण हसलास, मान मागे टाकून, थांबून थांबून तीनदा. तोलासुर प्रत्येक भागात तस्साच हसतो. लोक त्या हसण्याचे व्हिडिओ काढतात, तुला बक्षीसही त्याचंच मिळालं. आवाज पप्पांचा आहे, दादा, पण हसणं तुझं स्वतःचं आहे. आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. आवाज आला तेव्हा तिनं पदर ओढला होता, आणि हसणं आलं तेव्हा ती उठून आत गेली.

संवत्सरीला पप्पा काय करायचे, आठवतं ना? चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागायचे. हमालांपुढे हात जोडायचे, दुकानातल्या मुंग्यांनाही सोडत नसत. आई पायाशी वाकून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायची, तर "हां, ठीक आहे" म्हणून पुढच्या माणसाकडे वळायचे. तिची क्षमा त्यांनी कधी मागितली नाही आणि तिला नावानं हाकही मारली नाही. यंदा ती व्हीलचेअरपुढे वाकली, म्हणाली आणि कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पप्पांनी 'ऊं' केलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

तुझा शेवटचा भाग नेमका दुसऱ्या दिवशी लागला. तोलासुर आभाळात गेला तशी सिद्धी मला म्हणाली, "मम्मी, त्याला माफ का केलं? त्यानं सॉरी कुठं म्हटलं?" आई रिमोट हातात धरून बसूनच राहिली होती. मी म्हटलं, संपलं ना आता, बंद कर. तर म्हणाली, "आवाज त्यांचाच हाय, मला वाटलं एक डाव तरी म्हनंल. न म्हनताच गेला." ती खुळी झालेली नाही. तो आवाज पोटच्या पोराचा आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ते हसणंसुद्धा सोसून ती रोज तिथे बसत होती, ती एवढ्यासाठी.

म्हणून हे पत्र. ग्रुपवरची तुझी क्षमा मी अजून घेतलेली नाही, बासरीसकट ती तशीच पडून आहे. तू एक रेकॉर्डिंग करून पाठव. तोलासुराच्याच आवाजात. त्यात माया वगैरे घालू नकोस, मायेनं बोललेला तो आवाज आईला ओळखू यायचा नाही. "पानबाई, मिच्छामि दुक्कडम्." नावासकट, एवढंच. आई पप्पांचे पाय चेपायला बसते तेव्हा मी ते त्यांच्या उशाशी लावीन. पप्पांना सगळं ऐकू येतं आणि कळतंही, असं डॉक्टर म्हणतात. नको म्हणता येत नाही, एवढंच. क्षमा आईला मिळू दे. ऐकताना पप्पांचं तोंड कसं होतं, ते मला बघायचं आहे. आणि वाक्य संपलं की लगेच माइक बंद कर. हसू नकोस.

तुझीच,
खुशबू